एक डाउनलोड आधीच सुरू आहे

१

दुपारची भांडी आवरली, ओटा पुसला, की मी मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसते. गुडघे दुखतात म्हणून बसते, असं मी आमच्या ह्यांना सांगते. खरं म्हणजे भिंतीपलीकडे पार्लरवालीची खोली आहे. भिंत एकच, आमची आणि तिची, आणि बांधणाऱ्यानं ती बांधताना हात चांगलाच आखडता घेतलेला. कुणाच्या भुवया कोरल्या जातायत, कुणाची सासू काय बोलली, कुणाचं जमता जमता फिसकटलं, सगळं इकडे बसून कळतं. "तुझ्या पाठीला कान फुटलेत," हे म्हणतात.

पार्लरवाली पोर गुणी. नवरा बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. दिवे नि पंखे दुरुस्त करायचा, पण सगळी बिल्डिंग त्याला कप्तान म्हणायची. तोही सुट्टीवर आला की जिन्यात उभा राहून सलाम ठोकायचा. मागच्या वर्षी तो बोटीवरच गेला, झोपेत. त्याची पेटी आली, कपडे आले. फोन आला तो कंपनीनं पुसून, कोरा करकरीत. त्या दिवशी ती कोऱ्या फोनकडे बघत आमच्या स्वयंपाकघरात बसली होती, चहावर साय धरली तरी.

आमचं वायफाय ती वापरायची. भिंत एक आहे तर वायफाय दोन कशाला, असं मीच म्हटलं होतं. राउटर आमच्या मधल्या खोलीत फळीवर, आणि भिंतीपलीकडे तिला सगळं व्यवस्थित मिळायचं. बदल्यात ती माझे केस रंगवून द्यायची.

मग एके दिवशी बोटीवरच्या खानसाम्याचा तिला फोन आला. मी अर्थातच भिंतीशी होते, पण ऐकायची गरज पडली नाही. ती स्वतःच धावत आली.

"काकू, त्यांचे व्हिडिओ आहेत."

२

झालं होतं ते असं. खोल समुद्रात रेंज नसायची, तेव्हा कप्तान रोज फोनसमोर बसून तिच्याशी बोलायचा आणि ते भरून ठेवायचा. किनाऱ्याला लागल्यावर सगळं एकदम पाठवीन म्हणून. तो गेल्यावर, फोन कंपनीकडे द्यायच्या आधी खानसाम्यानं ते आपल्या कार्डावर घेऊन ठेवले होते. आता कार्डच बिघडायला लागलं, म्हणून एका बंदरात उतरून त्यानं घाईघाईनं सगळं एका फुकटच्या साइटवर चढवलं. पाच फाइली. "वहिनी, लवकर उतरवून घ्या," तो म्हणाला होता. "शनिवारी संध्याकाळी साइटवाले पुसून टाकतात. कार्ड तर गेलंच आता. आणि आमची बोट निघाली, माझाही फोन लागायचा नाही."

त्याच दुपारी आम्ही तिघं कप्तानच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसलो. ती, मी आणि हे. साइट म्हणजे नुसता बाजार होता. खरं बटण एक आणि खोटी दहा. एक दाबलं तर बाईचा फोटो उघडायचा, दुसरं दाबलं तर तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे म्हणायचं. मग चौकोनांतल्या चित्रांमधून सायकली शोधून दाखवा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे त्याला पटणार.

"मला तर खांबसुद्धा सायकलीसारखेच दिसतायत," हे म्हणाले. "मी बहुतेक माणूस नाही."

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिला तशी हसताना पाहिलं.

फुकटवाल्यांना एका वेळी एकच फाइल, आणि एक झाली की काही तास थांबायचं, असा नियम होता. प्रत्येक फाइलीखाली ती किती वेळा उतरवली गेली ते लिहिलेलं. पाचही फाइलींखाली शून्य. तिनं पहिलीवर बटण दाबलं. एक गोल फिरला, फिरत राहिला, आणि मग पाटी आली.

तुमच्या कनेक्शनवरून एक डाउनलोड आधीच सुरू आहे. कृपया ते पूर्ण होईपर्यंत थांबा.

"अहो, तुमच्या कुस्त्या चालू असतील फोनवर," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. बंदच होता.

३

वाट पाहिली. मी स्वयंपाक करून आले, ती दोन गिऱ्हाइकं करून आली. पाटी तीच.

मग आपण जे करतो ते सगळं केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटरची वायर काढून पुन्हा लावली. दोन्ही घरांतले फोन बंद करून टेबलावर ओळीनं ठेवले. राउटरवर एक हिरवा दिवा आहे, काही येत-जात असलं की तो लुकलुकतो. आता काहीच चालू नव्हतं. तो लुकलुकत होता. एका लयीत, घाई नसलेल्या माणसानं टेबलावर बोट वाजवावं तसा.

कनेक्शनवाल्याला बोलावलं. त्यानं फळीखाली मान वाकडी करून पाहिलं.

"कुणीतरी चोरून वापरतंय, काकू. पासवर्ड काय ठेवलाय?"

मी सांगितला.

"स्वतःचं नाव? मग चोरी कसली, हे तर आमंत्रण झालं."

त्यानं नवा पासवर्ड घातला, मला न सांगता पार्लरवालीच्या कानात सांगितला. दिवा क्षणभर थांबला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो. मग तो पुन्हा लुकलुकायला लागला, त्याच लयीत.

"बॉक्स जुना झालाय," कनेक्शनवाला म्हणाला. पण त्यानं बॅग आवरली ती फार पटकन, आणि चहा नको म्हणाला.

मोबाइलच्या इंटरनेटवर करून पाहिलं, तर निम्म्यात कनेक्शन तुटलं म्हणून सांगायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. पैसे भरून थांबायचं टाळता येईल का पाहिलं, तर तिचं कार्ड ती साइट घेईना. शेवटी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला.

"तिथं म्हणतंय, ही फाइल सध्या दुसरीकडे उतरते आहे."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"ते नाही लिहीत, काकू."

दुसऱ्या दिवशी पहिल्या फाइलीखालचं शून्य गेलं होतं. तिथं एक लिहिलेलं होतं.

४

त्यानंतरच्या दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसले, आणि पलीकडून कप्तान बोलला.

मी दचकले नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की चला, एकदाचं लागलं. आवाज त्याचाच. जरासा बसका, मागे कसली तरी घरघर, बोटीच्या इंजिनाची असेल.

"काय मॅडम, जेवलात का?"

पार्लर उघडल्यापासून तो बायकोला मॅडमच म्हणायचा. प्रश्न विचारून तो थांबला. मोठा श्वास घ्यावा एवढा. मग म्हणाला, "बरं. इथं आज मासे होते. खानसाम्यानं मीठ दोनदा घातलं." पुन्हा थोडं बोलला, पुन्हा विचारलं, "पाठ दुखते का अजून?" पुन्हा थांबला.

मला उमगलं तो का थांबतोय. समोर ती असल्यासारखा बोलत होता तो, आणि तिच्या उत्तराएवढी जागा प्रत्येक वेळी सोडत होता. मला भरून आलं. ऐकू नये असं वाटलं, आणि मी, जिनं आयुष्यभर या भिंतीपाशी दुपारी काढल्या, तिथून उठले. तिच्यासाठी चहा टाकला. कप झाकून घेतला, तिचं दार ढकललं.

ती खुर्चीवर बसली होती. गिऱ्हाइकाच्याच खुर्चीवर, आरशासमोर. लॅपटॉप मांडीवर, मिटलेला. खोलीत आवाज म्हणून नव्हता.

"लागलं ना गं शेवटी," मी म्हटलं.

तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल झालेले.

"तुम्हीच सांगा ना, काकू," ती म्हणाली. "काल दुपारपासून तुमच्या घरातून ऐकू येतंय मला. मला वाटलं, आज तरी आणून द्याल."

५

मी शपथा घेतल्या. तिनं मान डोलावली, आणि ती मान मला चांगली कळते. गिऱ्हाईक "मी घरी काहीच लावत नाही हो चेहऱ्याला" म्हणतं तेव्हा ती अशीच डोलावते.

"वायफाय तुमचं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "फाइल उतरलेली दिसतेय. मी उतरवली नाही. मग कुणी? बघा तुम्ही, काकू, बघायचं तर. तुम्हाला सगळ्यांचंच बघायची सवय आहे, मी कधी काही बोलले का? पण मग मला द्या."

बिल्डिंगमधल्या कुणालाही विचारलं असतं तर तिचंच खरं मानलं असतं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मीही मानलं असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे आधी चिडले, मग त्यांनी विचारलं,

"खरंच तू नाही ना काही केलंस?"

"अहो, मला मेली सायकल ओळखता येत नाही त्या चौकोनात."

वरच्या मजल्यावरचा आवाज पाइपातून येत असेल, असं हे म्हणाले. मीही म्हटलं, असेल. वर जाऊन कान देऊन आले. वरच्या घराला कुलूप. खाली दवाखान्याचं गोदाम. मग ह्यांना आमच्या खोलीत भिंतीशी बसवलं. आमच्याकडे बसलं की आवाज तिच्या घरातून यायचा. भाजी देण्याच्या निमित्तानं मी तिच्याकडे गेले आणि दारात रेंगाळले, तर तोच आवाज आमच्या घरातून, माझ्या स्वतःच्या मधल्या खोलीतून आला. तिथं हे एकटेच बसलेले होते, तोंड मिटून. भिंत हातभर जाडसुद्धा नाही. तिच्यात माणूस काय, मांजर मावायचं नाही.

दुसरी फाइल उतरली. मग तिसरी. तिनं आमच्याकडे येणं बंद केलं. जिन्यात भेटली की बाजूला सरायची, मला वाट द्यायची, जशी आपण परक्यांना देतो. गिऱ्हाइकांशी काय बोलते ते ऐकायला मी भिंतीशी बसले, तर गिऱ्हाइकांच्या वर कप्तानचाच आवाज चढायचा. गिऱ्हाइकांना तो ऐकू येत नव्हता. त्या आपल्या बोलत राहायच्या, लग्नाबद्दल, सासूबद्दल, आणि त्यांच्या बोलण्यातून तो विचारायचा, "मॅडम, दाराची कडी बसवली का नवीन? मी सांगितलं होतं."

आणि थांबायचा.

६

शनिवारी दुपारी मी तिचं दार वाजवलं. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"तुला माझं खरं वाटत नाही, ठीक आहे," मी म्हटलं. "पण आज शेवटचा दिवस. तुझं घर बंद कर, किल्ली हातात ठेव, आणि माझ्याकडे येऊन बस. तू स्वतः माझ्या घरात असशील तर मला काही लपवता यायचं नाही."

तिनं विचार केला. मग लॅपटॉप घेतला, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, आणि आली. आम्ही मधल्या खोलीत बसलो. हे खुर्चीवर, आम्ही दोघी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. चार फाइलींखाली एक लिहिलेलं होतं. पाचवीखाली शून्य होतं, आणि आमच्या कनेक्शनवरून एक डाउनलोड आधीच सुरू होतं.

"ती वायर काढा," ती ह्यांना म्हणाली. "काढूनच टाका. निदान थांबेल तरी."

ह्यांनी राउटरची वायर भिंतीतून ओढली. हिरवा दिवा विझला. तिनं मोबाइलच्या इंटरनेटला लॅपटॉप जोडला आणि पान पुन्हा उघडलं. पाटी तशीच होती. आता आमचं कनेक्शनच उरलं नव्हतं, तरी ते त्याच्यावरून उतरतच होतं.

मग तिच्या घरातून आवाज आला.

मी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस मला वाटत होतं, तिला कळलं की मी खोटी नाही, तर माझ्या जिवावरचं ओझं उतरेल. तिला कळलेलं मला दिसलं. तिची किल्ली तिच्या मुठीत होती, तिच्या बंद घरात तिचा नवरा बोलत होता, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. ओझं काही उतरलं नाही. मी तिचा हात धरला.

"काय मॅडम," तो म्हणाला, "जेवलात का?"

आणि थांबला.

"हो, मघाशीच," पलीकडून उत्तर आलं. "तुम्ही?"

ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. तो आवाज आम्ही रोज ऐकतो. आठवड्याला दोनदा जिन्यात, रोज दुपारी भिंतीतून. तो या पोरीचा आवाज होता. आणि ही पोर माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसली होती.

"मी पण जेवलो," कप्तान म्हणाला. "पाठ कशी आहे?"

"बरी आहे. तुम्ही नका काळजी करू."

तो सोडायचा त्या सगळ्या जागा आता भरत होत्या. नीट, अगदी मापात. ती हसत होती, तो हसत होता, कुठेतरी कपबशी ठेवल्याचा आवाज आला. माझ्या शेजारी बसलेलीचे डोळे भरून वाहायला लागले, पण ती रडत नव्हती. ती कान देऊन ऐकत होती, एखाद्यानं आपलंच पत्र दुसऱ्याला वाचून दाखवावं आणि आपण खिडकीबाहेर उभं असावं, तशी.

"हे मी म्हणणार होते," ती पुटपुटली. "अगदी हेच म्हणाले असते मी."

मांडीवरच्या लॅपटॉपवर पाटी बदलली. डाउनलोड पूर्ण झाले. ही फाइल आता उपलब्ध नाही. तिनं पान परत परत उघडलं. पाचही फाइली गेल्या होत्या. बाहेर अजून चांगलं ऊन होतं.

७

ती उठली. मी तिला अडवलं, ह्यांनीही अडवलं. ह्यांनी आयुष्यात कधी तिचा दंड धरला नसता, पण त्या दिवशी धरला. तिनं तो हलकेच सोडवून घेतला.

"माझं घर आहे," ती म्हणाली.

आम्ही तिच्यामागे गेलो. तिच्या आणि आमच्या दारात चार पावलांचं अंतर. तिनं किल्ली घातली, कुलूप उघडलं, दार ढकललं. दार हललं नाही. आतून कडी लावलेली होती.

तिनं पुन्हा ढकललं. खांद्यानं ढकललं. मग ती मागे सरली, पदराची कड सारखी केली, आणि आपल्याच घराची बेल दाबली.

आत बोलणं थांबलं. चपलांचा आवाज जवळ आला. ती चालताना डावी चप्पल जराशी घासते, तशीच घासत आला. दाराला डोळ्याएवढी काच आहे, तिच्यातून आतला उजेड दिसत होता. तो उजेड गेला. कुणीतरी पलीकडून डोळा लावला होता.

पार्लरवाली त्या काचेकडे बघत उभी होती. तिचा हात आपसूक वर गेला आणि तिनं कपाळावरची बट मागे सारली, आरशात बघून सारतात तशी.

"कोण आहे, मॅडम?" आतून, जरा लांबून, कप्ताननं विचारलं. मागे इंजिनाची घरघर नव्हती. घरातल्या पंख्याची होती.

काचेपाशी क्षणभर काहीच हललं नाही.

"कुणी नाही हो," तिच्याच आवाजात उत्तर आलं, दाराला अगदी लागून. "तुम्ही बोला."

काचेत पुन्हा उजेड दिसला. चपला आत गेल्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे माझ्याकडे बघत होते. दार तोडा, माणसं बोलवा, काहीतरी करा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण माणसं येऊन आत कुणाला बघणार होती, आणि बाहेर उभी असलेली ही कोण म्हणून विचारलं, तर मी काय सांगणार होते?

तिचं बोट पुन्हा बेलकडे गेलं, आणि तिनं ते मागे घेतलं. मग चुकीच्या घराची बेल वाजवली गेल्यासारखी, आवाज न करता, ओशाळून ती दारापासून बाजूला झाली.